शेंगा ओवता ओवता

दिवाळीच्या आधीच्या त्या चार-पाच रात्री आठवून पाहा. स्वयंपाकघरात करंज्यांचा घाट घातलेला असतो. सारण तयार, पीठ कुटून मऊ केलेले, लाट्या ओल्या फडक्याखाली झाकलेल्या. आजी लाटते, आई सारण भरते आणि कातण्याने कडा कापायचे काम मुलांकडे असते. पहिल्या वीस-पंचवीस करंज्यांपर्यंत मुलांचा उत्साह दांडगा. मग एकाला तहान लागते, दुसऱ्याच्या पायाला मुंग्या येतात, तिसरा बसल्या जागी डुलक्या घेऊ लागतो. अशा वेळी आजी हातातले लाटणे न थांबवता आटपाट नगरातल्या राजाला बोलावून आणते. राजा येतो, त्याच्या मागून आवडती-नावडती राणी येते, आणि गोष्ट संपते तेव्हा परातही रिकामी झालेली असते. मुलांना वाटते, आजीने गोष्ट सांगितली. आजीला ठाऊक असते, आपण करंज्या उरकून घेतल्या!

आजीची ही युक्ती काही आपल्याच मुलखातली नव्हे. सात समुद्रांपलीकडच्या एका डोंगराळ प्रदेशात हीच युक्ती पिढ्यान् पिढ्या चालत आली, आणि तिच्याच जोरावर एका घराण्याने आपल्या गोष्टी व गाणी दोनशे वर्षे जिवंत ठेवली. त्या घराण्याचा, आणि त्यांच्या दारी वही घेऊन आलेल्या एका इंग्रज गृहस्थाचा हा वृत्तांत आहे.

अमेरिकेच्या पूर्व अंगाला ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे पसरलेली ॲपलाशियन नावाची डोंगररांग आहे. हिमालयासारखे हे डोंगर तरणेबांड नाहीत. कोट्यवधी वर्षांच्या ऊनपावसाने झिजून त्यांचे माथे गोलावले आहेत. त्यांतले सर्वांत उंच शिखर माउंट मिचेल २,०३७ मीटरचे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या सुमारे सव्वापट. पण उंचीपेक्षा तिथली दाट झाडी आणि दऱ्याखोऱ्यांचे जाळे हीच त्या मुलखाची खरी तटबंदी. अठराव्या शतकात इंग्लंड, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि जर्मनी इथून आलेले गोरगरीब शेतकरी जमिनीच्या शोधात या खोऱ्यांत शिरले. तिथे मुळात चेरोकी लोकांची वस्ती होती. १८३८ साली त्यांतल्या बहुतेकांना सरकारी फौजेने घराबाहेर काढून पश्चिमेकडे हाकलले, थोडे मात्र डोंगरांत टिकून राहिले. गुलाम म्हणून आणलेली आफ्रिकी माणसेही या मुलखात होती. आज ज्याला डोंगरी वाद्य म्हणून लोक ओळखतात, तो बँजो मूळचा त्यांचा. इतक्या निरनिराळ्या लोकांची सुखदुःखे त्या दऱ्यांत एकत्र नांदली.

नव्या वसाहतकऱ्यांनी येताना सामान थोडके आणले, पण गाणी पुष्कळ आणली. त्यांत ‘बॅलड’ नावाची कथागीते फार. एखाद्या रुसलेल्या प्रेयसीची, दगा दिलेल्या सरदाराची, समुद्रावर हरवलेल्या खलाशाची कथा कडव्यामागून कडवे सांगत जायची. आपला पोवाडा डफ-तुणतुण्याच्या साथीने सभेत गर्जतो. हे कथागीत मात्र बहुधा साथीवाचून, एकट्याने, मान किंचित वर करून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणायचे. कथा कितीही रक्तरंजित असली तरी आवाज शांत. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो याच शांतपणामुळे.

इंग्लंडात ही गाणी विसरली जात होती. १९०३ साली सॉमरसेट परगण्यातल्या एका खेड्यात सेसिल शार्प नावाच्या संगीतशिक्षकाने एका माळ्याला काम करता करता गुणगुणताना ऐकले. त्या एका गाण्याने शार्प यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. पुढची दहा-बारा वर्षे ते खेडोपाडी हिंडून म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गाणी उतरवून घेत राहिले.

त्यांना ॲपलाशियनची वाट दाखवली ती मात्र एका बाईने. ऑलिव्ह डेम कॅम्पबेल यांचे यजमान त्या डोंगरांतल्या लोकजीवनाची पाहणी करीत होते आणि बाईही त्यांच्याबरोबर हिंडत होत्या. १९०७ च्या डिसेंबरात केंटकीमधल्या एका शाळेत एका मुलीच्या तोंडून त्यांनी ‘बार्बरा ॲलन’ हे जुने कथागीत ऐकले. शब्द ओळखीचे, पण चाल अगदी निराळी, आणि मन ओढून घेणारी. त्या दिवसापासून बाईंनी स्वतः गाणी टिपायला सुरुवात केली. १९१५ साली शार्प अमेरिकेत दुखण्याने बिछान्याला खिळले असताना त्या आपला संग्रह घेऊन त्यांना भेटायला गेल्या. दुखणाईताने कागद चाळले, आणि पुढच्याच वर्षी तो डोंगराची वाट चालू लागला.

शार्प उत्तर कॅरोलायनातल्या ॲशव्हिल शहरी पोहोचले ते १९१६ च्या जुलैअखेर. काहीच दिवसांपूर्वी, १६ जुलैला, तिथल्या फ्रेंच ब्रॉड नदीला महापूर येऊन गेला होता. पूल वाहून गेले होते, रस्त्यांचा चिखल झाला होता. शार्प यांचे वय छप्पन्न, दम्याचा विकार पाचवीला पुजलेला. मदतीला मॉड कार्पेलिस ही तरुण सहकारी. गाडीच्या हादऱ्यांपेक्षा पाय बरे म्हणून ही दोघे खोऱ्याखोऱ्यांतून पायीच हिंडत. झोपडीच्या ओसरीवर बसायचे, हवापाण्याच्या गोष्टी काढायच्या, मग हळूच जुन्या गाण्यांचा विषय. गाणे सुरू झाले की शार्प चाल लिहीत, कार्पेलिस लघुलिपीत शब्द टिपून घेत. तिकडे युरोपात महायुद्ध पेटलेले होते. त्याच ऑगस्टच्या ५ तारखेला शार्प यांचा तरुण मित्र व सहकारी, संगीतकार जॉर्ज बटरवर्थ, सोमच्या रणांगणावर मारला गेला. एकीकडे गाणारी माणसे मरत होती आणि दुसरीकडे हा मनुष्य मरणाच्या वाटेवरची गाणी वेचत होता.

डोंगरात त्यांना जे दिसले त्याने ते थक्क झाले. इंग्लंडात गाणी फक्त म्हाताऱ्यांना येत. इथे लहानथोर सारेच गात. गाणे हे इथे बोलण्याइतके साधे होते. शार्प यांनी लिहून ठेवलेला एक प्रसंग मोठा गमतीचा आहे. गाता गाता एका व्यक्तीला कडवे आठवेना. पुष्कळ प्रयत्न झाले. शेवटी वैतागाचे उद्गार निघाले ते असे की, या घटकेला मी गाई हाकीत घरी येत असते, तर गाणे झटकन आठवले असते!

वाचणाऱ्याला हसू येते, पण या एका वाक्यात लोकगीतांचे सारे मर्म आहे. गाणे डोक्यात नव्हते. ते गाईंच्या चालीत होते, संध्याकाळच्या वाटेत होते, हाताशी असलेल्या कामात होते. आमच्या आजोळी एक वृद्ध बाई होत्या. त्यांना नुसते बसवून ओव्या म्हणायला सांगितले की दोन ओव्यांत त्या अडत. मग कोपऱ्यातल्या जात्याशी जाऊन खुंट्याला हात लावला की पुढच्या ओव्या आपोआप येत. जात्यात दाणे नसले तरी चालत असे. हात फिरला पाहिजे, एवढेच.

हॉट स्प्रिंग्ज नावाच्या गावी शार्प यांना जेन हिक्स जेंट्री भेटल्या. १८६३ चा जन्म, लेकुरवाळे घर, गरिबीचा संसार. मुलांना शिकायला मिळावे म्हणून १८९८ साली डोंगरातले घर सोडून त्या शाळेच्या गावी येऊन राहिल्या होत्या. सूत काढणे, विणणे, शेतीभाती, सारे करीत आणि करता करता गात. शार्प यांना त्यांनी एकूण सत्तर गाणी दिली. त्या सबंध प्रवासात दुसऱ्या कोणाही एका व्यक्तीकडून त्यांना एवढी गाणी मिळाली नाहीत.

१९१६ ते १९१८ अशा तीन वर्षांत मिळून शार्प आणि कार्पेलिस सेहेचाळीस आठवडे डोंगरांत राहिली. २८१ गाणाऱ्यांकडून त्यांनी १,६१२ चाली उतरवल्या. १९१७ साली शार्प आणि कॅम्पबेल यांच्या नावाने पहिला संग्रह निघाला. शार्प १९२४ साली वारले. पुढे १९३२ मध्ये कार्पेलिसबाईंनी २७४ गाण्यांचा आणि ९६८ चालींचा दोन खंडांतला थोर ग्रंथ सिद्ध केला. आज ही गाणी जगाला माहीत आहेत, त्यात या वहीचे ऋण फार मोठे आहे.

पण वही कोणाची, यावर तिच्यात काय मावते हे ठरते. शार्प यांना हवे होते ते इंग्लंडचे हरवलेले गाणे. म्हणून बँजोवर वाजणारे संगीत, देवळातली भजने, कृष्णवर्णीय गायकांचा मोठा ठेवा, यांच्याकडे त्यांनी फारसे पाहिले नाही. आणि जेनबाईंच्या ज्या तोंडून सत्तर गाणी निघाली, त्याच तोंडात आणखी एक खजिना होता, तो वहीबाहेरच राहिला.

तो खजिना म्हणजे जॅकच्या गोष्टी. घेवड्याच्या वेलावरून आभाळात चढणारा जॅक आपल्या मुलांना पुस्तकांतून ठाऊक आहे. या डोंगरांत त्याच्या डझनावारी गोष्टी होत्या. हा जॅक राजपुत्र नाही. गरीब घरचा धाकटा मुलगा, जरा आळशी, पण मनाचा मोकळा आणि डोक्याने तल्लख. त्याच्या गोष्टीतला राजाही सिंहासनावर बसत नाही. तो शेजारच्या थोराड शेतकऱ्यासारखा ओसरीवर बसलेला असतो आणि जॅकला रान साफ करायच्या कामावर लावतो. विलायतेतून आलेली गोष्ट डोंगरात राहून राहून पुरती डोंगराची झाली होती.

या गोष्टी जेनबाईंकडे आल्या त्यांचे आजोबा कौन्सिल हार्मन यांच्याकडून. हा एकोणिसाव्या शतकातला मोठा रंगेल गोष्टीवेल्हाळ म्हातारा. त्याच्या लेकी-सुनांच्या गोतावळ्यातून, हार्मन आणि हिक्स या घराण्यांतून, गोष्टी बीच माउंटन नावाच्या डोंगरावर आणि आसपास पसरल्या. त्या सांगायच्या कधी? जेनबाईंची मुलगी मॉड लाँग हिने पुढे आठवण सांगितली आहे. हिवाळ्याच्या लांब रात्री शेकोटीभोवती मुलांपुढे लोकरीचा ढीग टाकला जाई. त्यातली काटेकुसळे वेचायची. मुले पेंगू लागली की आई जॅकची गोष्ट सुरू करी. बीच माउंटनवर घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढून त्या दोऱ्यात ओवायच्या आणि हिवाळ्यासाठी वाळत टांगायच्या. तेव्हाही हाच उपाय. गोष्ट ऐकायची असेल तर हात चालू राहिला पाहिजे!

‘ओवी’ हा आपला शब्द ओवण्यावरून आला असे सांगतात. इकडे दळताना ओव्या, तिकडे शेंगा ओवताना गोष्टी. दोन्हीकडे कष्टाच्या दोऱ्यात शब्द ओवले गेले.

जेनबाई १९२५ साली वारल्या. त्याच वर्षी इझाबेल गॉर्डन कार्टर या विदुषीने त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टी अमेरिकेतल्या लोकसाहित्याच्या नियतकालिकात छापल्या. १९४३ मध्ये रिचर्ड चेस यांचे ‘द जॅक टेल्स’ हे पुस्तक निघाले आणि डोंगरातला जॅक शहरी मुलांच्या हाती गेला. मॉड लाँगच्या आवाजातल्या गोष्टी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ध्वनिमुद्रित करून ठेवल्या.

मग जतन झाले, असे म्हणावे काय? याचे उत्तर देण्याआधी त्याच हिक्स घराण्यातली आणखी एक हकीकत सांगितली पाहिजे. फ्रँक प्रॉफिट हा या घरचा जावई. तंबाखूची शेती करी, हाताने बँजो बनवी. १९३८ साली फ्रँक वॉर्नर नावाच्या शहरी गायकाला त्याने एक गाणे दिले. १८६६ साली त्याच मुलखात लॉरा फॉस्टर या तरुणीचा खून झाला आणि त्यासाठी १८६८ साली टॉम ड्यूला याला फाशी झाली, त्याचे हे गाणे. प्रॉफिटच्या आजीने त्या दोघांना प्रत्यक्ष पाहिले होते. हे गाणे वॉर्नरकडून एका छापील संग्रहात गेले आणि १९५८ साली किंग्स्टन ट्रिओ नावाच्या तीन तरुणांनी ते ‘टॉम डूली’ म्हणून गायले. तबकड्या लाखांनी खपल्या. विक्रीच्या यादीत गाणे पहिले आले. आणि प्रॉफिटने ते ऐकले घरच्या दूरचित्रवाणीवर! पुढे हक्काचा वाद होऊन तडजोडीत त्याला थोडाफार वाटा मिळाला, पण गाण्याच्या कमाईचा मोठा लोट तोवर वाहून गेला होता. गाणे जगभर गेले, पण ते कोणाच्या ओसरीवरून उठले हे ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते.

या प्रॉफिटचा मेहुणा रे हिक्स. १९२२ चा जन्म. साडेसहा फुटांचा ताडमाड गडी, अंगात कामकऱ्याचा जाड डगला-विजार, बोली इतकी जुनी की शहरी माणसाला कान देऊन ऐकावी लागे. जन्मभर तो बीच माउंटनवरच्या जुन्या घरात राहिला. १९७३ साली टेनेसीतल्या जोन्सबरो गावी कथाकथनाचा राष्ट्रीय उत्सव सुरू झाला, तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी लोक त्याच्या जॅकची वाट पाहत. १९८३ साली त्याला राष्ट्रीय सन्मान मिळाला. सन्मान घेऊन तो परत आपल्या डोंगरावर गेला.

त्याची एक गोष्ट फार नावाजलेली होती. जॅक सैन्यातून सुटून घरी निघतो. जवळची भाकरी भिकाऱ्याला देतो आणि त्याच्याकडून एक पोते व एक पेला मिळवतो. पोत्यावर थाप मारून हुकूम केला की समोरचे काहीही आत. पेल्यातून पाहिले की आजाऱ्याच्या उशा-पायथ्याला उभा असलेला मृत्यू दिसतो. राजाची मुलगी आजारी पडते. जॅक पेल्यातून पाहतो, पोत्यावर थाप मारतो, आणि मृत्यूच पोत्यात! पोते झाडाच्या शेंड्याला टांगून दिले. वर्षे लोटली. एके दिवशी वाटेत एक म्हातारी भेटली, इतकी वाकलेली की नाक गुडघ्यांना लागावे. ती म्हणाली, कोणा मेल्याने मृत्यूला बांधून ठेवलाय, आम्हांला मरताही येत नाही. जॅकला चूक उमगली. त्याने पोते खाली उतरवून सोडले, आणि मृत्यूने पहिला नेला तो जॅक.

लोकगीतांच्या जतनाचा विचार करताना ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. वहीत, ध्वनिफितीत, कपाटात आपण गाणे बांधून ठेवतो. ते मरत नाही हे खरे. पण नुसते न मरणे म्हणजे जगणे नव्हे.

आपल्याकडेही वह्या झाल्या. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’साठी ओव्या वेचल्या. १९८०च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरांतल्या बायकांबरोबर काम करता करता जात्यावरच्या ओव्या गोळा करायला आरंभ केला. संग्रह लाखावर गेला. पुढच्या दशकात बर्नार बेल यांनी त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने त्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट लोकांपुढे ठेवल्या. हे नावगाव मोलाचे. प्रॉफिटच्या वाट्याला जे आले नाही, ते या मावळणींच्या वाट्याला आले.

तरीही गावात पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. ते थांबू नये असे म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईचे खांदे गिरणीने सोडवले, हे चांगलेच झाले. बीच माउंटनवर आता लोकर निवडायला कोणी बसत नाही, यातही खंत करण्यासारखे काही नाही. प्रश्न एवढाच की काम गेले, तर त्याच्या दोऱ्यात ओवलेले शब्द आता कशात ओवायचे?

त्या डोंगरातल्या लोकांनी याचे उत्तर आपल्या परीने शोधले आहे. २००० साली उत्तर कॅरोलायनातल्या एका तालुक्याच्या गावी शाळा सुटल्यावर मुलांना फिडल आणि बँजो शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. आता तो डोंगरातल्या अनेक शाळांतून चालतो. शार्प ज्या लॉरेल खोऱ्यात हिंडले, तिथल्या शीला के ॲडम्स यांना २०१३ साली राष्ट्रीय सन्मान मिळाला. त्या गाणी शिकल्या आपल्या म्हाताऱ्या मावशी-आजीसमोर बसून. गुडघ्याला गुडघा लावून शिकणे, असे तिथले लोक म्हणतात. आपण मांडीला मांडी लावून बसणे म्हणतो. गुरूचा आणि शिष्याचा श्वास एकमेकांना लागेल इतके अंतर. पुस्तकाला ते अंतर साधत नाही.

२०२४ च्या सप्टेंबरात हेलेन नावाचे वादळ या मुलखावर कोसळले. फ्रेंच ब्रॉड नदीने ॲशव्हिलला १९१६ ची पूररेषाही ओलांडली. हॉट स्प्रिंग्जमध्ये पाणी शिरले. एका पुराच्या चिखलातून शार्प गाणी शोधत आले होते, आणि शतकानंतर दुसऱ्या पुराने तोच मुलूख धुऊन काढला. घरे गेली, दुकाने गेली, पुष्कळ कागदही गेले असतील. अशा वेळी दूरच्या शहरातल्या वहीचे मोल कळते. पण त्याच वेळी हेही कळते की जे गाणे पाच-पन्नास मुलांच्या तोंडी आहे, ते कोणत्याच पुरात वाहून जात नाही.

म्हणून वाचकहो, यंदा करंज्यांची परात पुढे ओढाल तेव्हा मुलांना स्वयंपाकघरातून पिटाळू नका. कडा वेड्यावाकड्या कापल्या जातील, चार करंज्या तळताना फुटतील, तेल खराब होईल. होऊ द्या. आजीला विचारा, तिच्या आजीने कोणती गोष्ट सांगितली होती. ती म्हणेल, आता काही आठवत नाही बाई. तेव्हा तिला आग्रह करू नका. तिच्या हाती नुसते लाटणे द्या.